बाटलीतले बॅक्टेरिया विष खातील का? वाचक विचारतात

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहिलं होतं, की कीटकनाशकं मोडून खाणारे बॅक्टेरिया असतात आणि ते बहुतेक वेळा आपल्याच मातीत सापडतात. त्या एका वाक्यावर गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या लोकांनी इतकं विचारलंय की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं म्हणून फक्त गाव दिलंय.

ताई, ऑनलाइन एक पावडर मिळते, पाकिटावर लिहिलंय 'मातीतले सर्व रासायनिक अवशेष खाणारे जिवाणू', एकरी एक किलो. आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) वडिलांच्या काळापासून औषधं मारलीयेत. टाकू का? — सावईवेरे

बॅक्टेरिया कीटकनाशक मोडतात ही थाप नाही हे आधी सांगते. १९७३ मध्ये सेतुनाथन आणि योशिदा या दोघांनी फिलिपिन्समधल्या भातशेतीच्या पाण्यातून एक फ्लेवोबॅक्टेरियम वेगळा काढल्याचं प्रसिद्ध केलं, त्या शेतात डायझिनॉन हे कीटकनाशक मारत होते आणि हा पठ्ठ्या डायझिनॉनही मोडायचा आणि पॅराथिऑनही. त्याच्याकडे एक एन्झाइम असतं, ते पाण्याच्या मदतीने फॉस्फरसजवळचा बंध तोडतं, आणि बंध तुटला की त्या औषधाची नसांवर परिणाम करायची ताकद जवळजवळ संपते. गंमत म्हणजे पुढे अमेरिकेतल्या एका वेगळ्याच बॅक्टेरियात अगदी तोच जीन सापडला, तोही प्लास्मिडवर, म्हणजे एका बॅक्टेरियाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर. त्यामुळे ही विद्या मातीत आपोआप पसरते, पाकिटातूनच यायला हवी असं नाही.

आता पावडरचं. 'सर्व' हा शब्द वाचला की मी पाकीट खाली ठेवते. एक बॅक्टेरिया एक औषध किंवा त्याच्या जवळच्या नात्यातली दोन-चार औषधं मोडतो, सगळी नाही, आणि लॅबमध्ये साखरेवर वाढलेला बॅक्टेरिया कुळागरात सोडणं म्हणजे घरात वाढलेलं मांजर जंगलात नेऊन सोडणं, तिथले आधीचे कोट्यवधी रहिवासी त्याला जागा देत नाहीत, प्रोटोझोआ नावाचे एकपेशीय जीव त्याला खातात, आणि काही आठवड्यांत शोधायला गेलं तर तो बहुतेक वेळा मिळतच नाही.

म्हणून ज्यांना खरोखर जमलंय त्यांनी काय केलं ते बघा. अमेरिकेत साउथ डाकोटात अ‍ॅट्राझिन या तणनाशकाची मोठी गळती झाली होती, तिथे शास्त्रज्ञांनी जिवंत बॅक्टेरिया टाकलेच नाहीत, अ‍ॅट्राझिन मोडणारं एन्झाइम भरपूर बनवणारा ई. कोलाय वाढवला, मारला, आणि ती मेलेली पेशीच मातीत मिसळली, म्हणजे जगण्याची भानगड नाही आणि जनुक बदललेला जीव मोकळा फिरेल ही भीतीही नाही. २००० साली छापलेल्या निकालात आठ आठवड्यांत अ‍ॅट्राझिन ५२ टक्के कमी झालं, आणि मातीत फॉस्फेटही घातलं तिथे ७७ टक्के, नुसत्या सोडलेल्या मातीत कमी झालंच नाही. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने तर बॅक्टेरिया बाजूलाच ठेवला, नुसतं एन्झाइम घेतलं आणि मेंढ्यांना ज्या औषधाच्या पाण्यात बुडवतात ते पाणी टाकीतच साफ करायला वापरलं. बंद टाकी, एकच औषध, माहीत असलेलं प्रमाण. तुमचं कुळागर यातलं काहीच नाहीये.

विकणाऱ्याला विचारा की कुठला बॅक्टेरिया, कुठल्या औषधावर, आणि मोडल्यावर उरतं काय. उत्तर आलं तर मला कळवा. नाही आलं तर त्याच पैशांचं शेणखत घ्या, पालापाचोळा जाळू नका, आणि मातीचा सामू तपासून लागला तर चुना द्या, कारण आपली जांभ्याची माती आंबट आणि क्लोरपायरिफॉससारखी औषधं आंबट मातीत हळू मोडतात. आहेत त्या बॅक्टेरियांना खायला, ओल आणि हवा मिळाली की बरंचसं काम ते करतात.

पोफळीला दर पावसाळ्यात बोर्डो मारतो, कोळेरोगासाठी. ते मोरचूद पण बॅक्टेरिया खातात ना? — केरी, फोंडा

नाही. मोरचुदातलं तांबं हे मूलद्रव्य आहे, ते मोडून त्याचं दुसरं काही होत नाही, कुठलाही बॅक्टेरिया आला तरी. क्लोरपायरिफॉससारख्या औषधांत कार्बन असतो, तो शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, तांब्याला जायला वाट नाही. बॅक्टेरिया फार तर त्याला बांधून ठेवतात किंवा त्याचं रूप बदलतात. एक टक्का बोर्डोत १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद जातं, त्यातलं तांबं वर्षानुवर्षं झाडाखालच्या मातीत साठत राहतं आणि जास्त झालं की तेच बॅक्टेरियांना आणि गांडुळांना मारतं. बोर्डो बंद करा असं मी म्हणत नाही, कोळेरोगात सुपारी कशी झडते ते मला माहितीये. पण घोसावर मारा, खोडावर आणि जमिनीवर ओघळेपर्यंत नको, आणि उरलेलं मिश्रण झाडाच्या आळ्यात ओतायची आपल्याकडची सवय सोडा.

घराला वाळवीची ट्रीटमेंट केली. बांय (विहीर) भिंतीपासून सात-आठ मीटरवर आहे. पहिला पाऊस पडल्यावर पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय. शेजारी म्हणतात ब्लीचिंग टाका, मुलगा म्हणतो बॅक्टेरियाचं कल्चर टाकूया. — बार्देश

दोन्ही टाकू नका. आणि ते पाणी प्यायला, स्वयंपाकाला, दात घासायला पण आजपासून बंद.

ब्लीचिंगचं आधी, कारण ते जास्त धोक्याचं आहे आणि आपल्याकडे बांयचं काहीही झालं की पहिलं तेच टाकतात. वाळवीला बऱ्याचदा क्लोरपायरिफॉस मारतात, आणि क्लोरीन लागलं की त्याचा ऑक्सॉन तयार होतो, जो मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. वास कमी होईल आणि तुम्हाला वाटेल झालं काम. उकळूनही हे पाणी पिण्यालायक होत नाही.

बॅक्टेरियाचं म्हणाल तर प्यायच्या पाण्यात मुद्दाम बॅक्टेरिया सोडायचे नसतात, हे एवढं पुरे. शिवाय क्लोरपायरिफॉस मोडलं की टीसीपी नावाचा तुकडा उरतो आणि तो स्वतःच जिवाणूनाशक आहे, म्हणजे खाणाऱ्याचंच तोंड भाजतं, म्हणून या औषधावरचे बॅक्टेरिया बऱ्याचदा अर्ध्यावर अडकतात. जे टीसीपी पण पचवतात असे थोडे आहेत. त्यात वाळवीसाठी जमिनीत औषध ओततात ते शेतातल्या फवारणीच्या कितीतरी पट जास्त असतं, वर्षानुवर्षं टिकावं म्हणूनच तसं ओततात, एवढ्या डोसपुढे मातीतले जीव पण हात टेकतात.

पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषधाचं नाव लेखी घ्या, बिलावर नुसतं 'केमिकल' असतं, ते चालणार नाही. क्लोरपायरिफॉस असेल तर ते मातीला घट्ट चिकटतं, सहसा लांब जात नाही, पण आपल्या जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात आणि वर पाऊस ३००० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे भिंतीलगतचा खड्डा नीट बुजवला नसेल तर गढूळ पाण्याबरोबर ते थेट उतरलं असू शकतं. तो रॉकेलचा वास बहुतेक औषध ज्यात विरघळवतात त्या सॉल्व्हंटचा. पाण्याची तपासणी कीटकनाशकांसाठी करून घ्या, नेहमीच्या जंतूंच्या टेस्टमध्ये हे दिसत नाही. बांय उपसायची तर ते पाणी ओहोळात किंवा तळ्यात सोडू नका, माशांना हे फार थोडं लागलं तरी पुरतं. उपसून पुन्हा तपासा, आणि ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर लावायचा असेल तर टेस्टचा आकडा हातात आल्यावर लावा. घरात कोणाला घाम, लाळ, चक्कर, डोळ्याची बाहुली बारीक असं काही दिसलं तर सरळ गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या आणि औषधाचं नाव सांगा.

अळसांद्यावर (चवळीवर) शेंगा शोषणारा ढेकूण येतो. पूर्वी एका फवारणीत जायचा, आता तेच औषध तोच डोस, काही होत नाही. औषध भेसळीचं का? — सांगे

भेसळ असू शकते, पण मला तुमच्या प्रश्नात दुसरंच काहीतरी दिसतंय आणि ते इतकं भारी आहे की थोडं लांबण लावते.

किडीत प्रतिकार तयार होतो हे सगळ्यांना माहितीये. दुसरी गोष्ट अशी की तेच औषध जमिनीत परत परत पडलं की ते खाणाऱ्या बॅक्टेरियांची संख्या वाढते आणि मग औषध काम करायच्या आधीच संपतं. अमेरिकेत मक्याच्या मुळं खाणाऱ्या किडीसाठी कार्बोफ्युरान जमिनीत घालायचे, काही वर्षांनी त्याचा परिणामच होईना, आणि माती तपासली तर बॅक्टेरिया ते काही दिवसांत फस्त करत होते. म्हणजे सावईवेऱ्याच्या भावाला जे हवंय तेच मक्याच्या शेतकऱ्याला नको होतं.

आणि या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर? २०१२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की फेनिट्रोथिऑन वारंवार मारलेल्या मातीत ते मोडणारे बर्कहोल्डेरिया बॅक्टेरिया वाढतात, आणि रिप्टॉर्टस नावाचा शेंगांवरचा ढेकूण लहानपणी मातीतून हे बॅक्टेरिया पोटात घेतो आणि तिथे त्यांना कायमची जागा देतो. ढेकणाच्या अंगात प्रतिकार नाही, त्याच्या पोटातल्या भाडेकरूकडे आहे! एका पिढीत, तेही मातीतून उचललेला. हाच रिप्टॉर्टस आपल्याकडे चवळीवर येतो. तुमच्या शेतात हेच झालंय असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तेच तेच औषध वाढत्या डोसने मारणं हा यातल्या कुठल्याच कारणावर उपाय नाही. वेगळ्या गटातलं औषध कुठलं ते कृषी खात्याच्या झोनल ऑफिसमध्ये विचारा, आणि लवकर सकाळी ढेकूण सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून पाडा, लहान प्लॉटला हे जमतं.

काजूच्या बागेत हंगामाआधी तणनाशक मारतो, म्हणजे बोंडू वेचायला सोपं. ते मातीत किती दिवसांत जातं? आणि एंडोसल्फान आपल्याकडे कधीकाळी मारलं असेल तर अजून असेल का? — वाळपई

ग्लायफोसेट मारत असाल असं धरते. ते मातीला चिकटतं आणि बॅक्टेरिया ते मोडतात, माती आणि हवामान बघून काही आठवडे ते काही महिने, त्यातून एएमपीए नावाचा तुकडा उरतो तो त्याहून जास्त टिकतो. पण तुमचा बोंडू बॅक्टेरियांची वाट बघत नाही, तो पिकला की पडतो, थेट फवारलेल्या पाल्यावर, आणि तुम्ही तोच रस काढायला कोळंब्यात तुडवता. ग्लायफोसेट उडून जाणारं रसायन नाही त्यामुळे भट्टीतून हुर्राकात किंवा फेणीत चढेल असं नाही, पण नीरो, म्हणजे बोंडूचा ताजा रस, आपण तसाच पितो, पोरं तर ग्लासावर ग्लास. ग्रास कटर मारा. आणि २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्राने अधिसूचना काढलीये की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनीच मारायचं, ती पण माहीत असू द्या.

एंडोसल्फानबद्दल विचारलंत ते बरं झालं. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत वीसेक वर्षं ते हेलिकॉप्टरने मारत होते, गावंच्या गावं भोगतायत, सुप्रीम कोर्टाने १३ मे २०११ ला देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षी ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे लवकर न मोडणाऱ्या विषांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. बॅक्टेरिया ते दोन वाटांनी मोडतात. एका वाटेने एंडोसल्फान डायोल होतं, ते बरंच कमी विषारी. दुसऱ्या वाटेने त्याला ऑक्सिजन जोडला जाऊन एंडोसल्फान सल्फेट होतं, ते मूळ विषाइतकंच वाईट आणि त्याहून चिवट. म्हणजे रिपोर्टमध्ये 'एंडोसल्फान आढळलं नाही' असं आलं तरी सल्फेट मोजलंय का ते विचारायचं. तुमच्या बागेत कधी मारलं होतं का हे कोणाच्या आठवणीवर सोडण्यापेक्षा माती तपासा.

आमची खाजन शेती (खाडीलगत बांध घातलेली), कोरगुट (खारं पाणी सोसणारं भात) लावतो, भात झालं की कोळंबी. वरच्या शेतातलं औषध आमच्यात उतरतं. खाजनातल्या चिखलात ते मोडत नाही का? — तिसवाडी

मोडतं, आणि काही औषधं तर पाणी तुंबलेल्या चिखलात सुक्या मातीपेक्षा लवकर मोडतात, कारण तिथे ऑक्सिजन नसतो आणि बिनऑक्सिजनचे बॅक्टेरिया क्लोरीन उपटून काढायला पटाईत. जुन्या लोकांना गॅमेक्सिन पावडर आठवत असेल, तो एचसीएच, भाताच्या तुंबलेल्या मातीत तो भराभर कमी होतो हे सेतुनाथननी पुढे कटकला दाखवलं. एचसीएचवर भारतात अजूनही काम चालू आहे कारण एक टन लिंडेन (एचसीएचमधला कीड मारणारा भाग) बनवताना आठ-दहा टन निरुपयोगी एचसीएच मागे उरायचं आणि ते लखनौजवळ उम्मारी गावासारख्या ठिकाणी नुसतं फेकलं गेलं. ते मोडणारा एक नावाजलेला बॅक्टेरिया, स्फिंगोबियम इंडिकम, आपल्याच देशात उसाच्या मुळांजवळच्या मातीत मिळाला.

पण तुमची अडचण वेगळी आहे. हल्ली वरून येतं ते सायपरमेथ्रिनसारखं, आणि कोळंबीला ते इतकं कमी पुरतं की बॅक्टेरियाला काही दिवस हवेत आणि कोळंबीकडे काही तास पण नसतात. शिवाय ओहोटीला मानस (बांधाचं दार) उघडलं की पाणी गेलं खाडीत, मोडायला वेळ कोणाला मिळाला? वरच्या शेतकऱ्याशी बोलून फवारणीची तारीख ठरवा, त्यानंतरचं पाणी त्याच्याच शेतात बांध घालून अडवून ठेवायचं, तुमच्याकडे सोडायचं नाही. हे भाऊस-कोमुनिदादच्या (बांध आणि गावची जमीन सांभाळणाऱ्या मंडळांच्या) मीटिंगमध्ये मांडायचं काम आहे, लॅबचं नाही.

मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करते. प्रोजेक्टसाठी शेतातल्या मातीतून क्लोरपायरिफॉस खाणारा बॅक्टेरिया काढायचाय. कल्चर मीडियात (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात) बाजारातलं औषध घातलं, भरपूर ग्रोथ आली! — ताळगाव

अभिनंदन, पण पेढे थांबव. बाजारातल्या ईसी (पाण्यात मिसळायच्या) बाटलीत औषध २० टक्के असलं तर बाकी सॉल्व्हंट आणि इमल्सिफायर असतो, तुझा बॅक्टेरिया बहुधा तेच खातोय. शुद्ध स्टँडर्ड घे, तोच एकमेव कार्बन ठेव. आणि औषध कमी झालं म्हणजे मोडलं असं नाही, ते काचेला चिकटतं, पेशींना चिकटतं, थोडं उडतं, म्हणून मेलेल्या पेशींचा कंट्रोल ठेव आणि बिनपेशींचा पण. एचपीएलसीवर (रसायनं वेगळी करून मोजणाऱ्या मशीनवर) आलेखात टीसीपीचं टोक दिसलं पाहिजे. नुसती गढूळ फ्लास्क बघून थिसिस लिहिलेले मी पाहिलेत. आणि फ्यूम हूड, ग्लोव्हज, सगळं.

पंप धुतलेलं पाणी कुठे टाकायचं? आतापर्यंत ओहोळात. — काणकोण

हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, कारण इथे बॅक्टेरिया खरंच कामाला लावता येतात. शेतात पसरलेलं औषध पातळ असतं, पण पंप भरताना सांडतं आणि धुताना वाहतं ते एकाच जागी, रोज. स्वीडनमध्ये १९९३ पासून यासाठी बायोबेड वापरतात. जमिनीत खड्डा, तळाला चिकणमातीचा थर, त्यावर साधारण ६० सेंटीमीटर मिश्रण, निम्मा पेंढा आणि उरलेल्यात माती आणि पीट (दलदलीतला कुजलेला पाला), वर गवत. पेंढ्यावर बुरशी वाढते आणि लाकूड कुजवणारं तिचं एन्झाइम औषधालाही सोडत नाही, बॅक्टेरिया तिच्या जोडीला. पीट आपल्याकडे कुठून येणार, मुरलेलं कंपोस्ट आणि काथ्याचा भुसा घ्या, लॅटिन अमेरिकेतही लोकांनी स्थानिक सामानच वापरलंय. आपल्या पावसात मात्र यावर पत्र्याचं छप्पर हवंच, नाहीतर जून-जुलैत सगळं धुऊन खाली, आणि तळाला चिकणमातीवर भरवसा न ठेवता जाड प्लास्टिक किंवा जुनी सिमेंटची टाकी घ्या. बांयपासून लांब. मिश्रण ओलसर ठेवा, चिखल नको, खाली बसलं की वरून पेंढा घाला. उरलेलं औषध बाटलीने ओतायची ही जागा नाही, फक्त धुणं आणि सांडलेलं. बोर्डोचा पंप इथे धुवू नका, तांब्याने बुरशीच मरेल. काही वर्षांनी मिश्रण बदललं की जुनं लगेच शेतात नको, महिनेच्या महिने झाकून कुजू द्या.

बेळगावची भाजी बॅक्टेरियाच्या पाण्यात भिजवली तर? — मडगाव

नको हो. वाहत्या पाण्यात चोळून धुवा. खायच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवलं तर सफरचंदावरची दोन औषधं वरून बऱ्यापैकी निघाली असा अमेरिकेतला २०१७ चा अभ्यास आहे, आत शिरलेलं निघत नाही. कोबीची बाहेरची पानं टाका.